मास्तरांचा गिलास

वडील मंगळवारी गेले आणि त्यांच्या नावेची मोटर माझ्याकडे आली. मोटर जुनी आहे. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं तर ती जाम होईल, आणि तिचे सुटे भाग आता मिळत नाहीत. म्हणून मी नांदेडला वडिलांच्या मेकॅनिककडे गेलो आणि ऑइल किती टाकायचं, एवढंच विचारलं.

"मास्तर टाकायचे तेवढं." वडिलांना ते मास्तर म्हणत.

"म्हणजे किती?"

"एक गिलास."

"केवढा गिलास?"

प्रत्येक प्रश्नाला मेकॅनिक आधी हातातला स्पार्क प्लग हुंगायचे, पँटला पुसायचे, मग बोलायचे. मी मोटरचं माहितीपुस्तक दाखवलं. त्यात पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल असं प्रमाण होतं.

"पुस्तकावर मोटर चालून राहिली काय, सर?"

चौथ्यांदा विचारल्यावर त्यांनी फळीवरून स्टीलचा गिलास काढला. त्यावर वडिलांचं नाव कोरलेलं होतं. आई तो कित्येक वर्षं घरात शोधत होती.

"पाच लिटरला हा काठोकाठ."

मी मोजून पाहिलं. दोनशे मिलिलिटर भरलं, म्हणजे पंचविसाला एकच.

"अहो, हेच पुस्तकात आहे!"

"मंग मला कामून इचारता?"

मी गिलास मागितला.

"न्हाई. मास्तर हिथंच येऊन मिसळायचे. तुम्ही बी या."

मोटर चालते. गिलास त्यांच्या फळीवर आहे.