सालीतला भुसा

जिनिंगचे फाटक बंद झाले त्या दिवशी ताई दुपारी घरी आली. तिने डबा घासला, लुगड्याला चिकटलेला कापूस वेचून काढला आणि ती दारात बसली. बा म्हणाले, "आज लवकर सुटी?"

ती म्हणाली, "आता रोजच सुटी, बा."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मागच्या माघात ती गेली. तिच्याविषयी लिहायला बसलो की हाच दिवस आधी समोर येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कापसाची ती पडती वर्षे कशी होती हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. वणीच्या त्या जिनिंगमध्ये येणाऱ्या गाड्या कमी होत गेल्या आणि मालकाने रेचे थांबवले. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. बांचा जन्म त्या रेच्यांवर गेला होता; वय झाल्यावर ते घरी बसले होते. नवरा वारल्यावर माहेरी आलेली ताईही तिथेच कामाला लागली होती. मी राजूरच्या शाळेत मराठी शिकवत होतो. माझ्या पगारात आम्हा तिघांचे भागले असते आणि तसे मी तिला सांगितलेही.

"तुह्या ताटाले मी नाही म्हटलं काय कधी?" ती म्हणाली. "पण हात रिकामे ठेवून घास उतरत नाही मले, भाऊ."

नागपूरला आमची एक मावसबहीण होती. तिच्या ओळखीने तिकडे धुण्याभांड्यांची कामे मिळत. ताईने तिला निरोप धाडला. मात्र जाण्याआधी एक गोष्ट तिला करून पाहायची होती. यवतमाळला बायकांना अळिंबी लावायला शिकवत होते. तिथे जाऊन ती दुधी अळिंबीचे बी घेऊन आली. ही जात आमच्या उन्हाळ्यातही तग धरते. "हे जमलं तं राहीन," ती म्हणाली, "नाही तं नागपूर हायेच." ती गेली तर घरात बा आणि मी, अशी दोन गप्प माणसे उरणार होती.

तिने सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला काडीकचरा, उकळले, पिळले आणि थराथराने बी टाकत पिशव्यांत भरले. खोली गार आणि ओलसर राहावी म्हणून मागच्या खोलीत ओली पोती टांगली. शेजारची काकू रोज डोकावून जायची. "काय वं, घरात कुत्र्याच्या छत्र्या उगवून राह्यली म्हणे?" ताई म्हणायची, "हो काकू. पहिली तुमच्या डोक्यावर धरीन."

कुटारावर पांढरे जाळे चढले. आता पिशव्यांची तोंडे उघडून वर ओल धरणारा थर द्यायचा होता. शिकवणारे त्याला केसिंग म्हणत. तो थर नसला तर जाळे तसेच राहते, अळिंबी वर येत नाही. यवतमाळला तयार माल संपला होता. "नारळाच्या सालीचं करतात, घरीच करा," एवढे सांगून त्यांनी तिला परत पाठवले.

आमच्याकडे नारळ दुकानातून देवळात जातो. आजोबांनी धम्म स्वीकारल्यापासून आमच्या घरात तो आलाच नव्हता. देवळामागे मात्र सोललेल्या शेंड्यांचा ढीग पडलेला असे. ताईने तो हेरून ठेवला होता.

"तिथलं नको आणू, माय," बा म्हणाले.

"मी कुठं पूजा करून राह्यली, बा? उकिरड्यावर तं पडल्या हायेत."

"उकिरड्याचं नाही म्हणत मी. ज्या दारात माह्या बापाले उभं राहू देलं नाही, तिथं तू शेंड्या मागाले जाशीन?"

ताईने वाद घातला नाही. पिशव्या वाट पाहत होत्या, दिवस जात होते, आणि ढीग हाकेच्या अंतरावर होता. तिने बांकडे पाहिले आणि ती म्हणाली, "बरं. दुसरं पाहू." ते तीन शब्द तिने ज्या सहजपणे उच्चारले, त्याचे मला अजून नवल वाटते.

दुसरे मला ठाऊक होते. राजूरला कोळसा खाणीच्या वस्तीजवळ एक तेलुगू बाई इडलीची गाडी लावायची. शाळेतून येताना मी तिथे थांबत असे. चटणीसाठी ती आंध्राकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांकडून सालीसकट नारळ घ्यायची, ते तिला स्वस्त पडत. साली ती चुलीत घालायची. मी ताईला तिच्याकडे घेऊन गेलो.

"क्या करेगी इसका?" तिने विचारले.

"छत्री उगाऊँगी," ताई म्हणाली.

"कौनसी? धूपवाली कि बारिशवाली?"

"खानेवाली."

बाई हसली. "तो पहिली मेरेकू," ती म्हणाली आणि साली पोत्यात भरायला स्वतःच खाली बसली.

घरी ताईने साली टाक्यात भिजवल्या. त्यांचे लाल पाणी निघाले. मग अंगणात दगडावर ठेवून तिने त्या धुण्याच्या मोगरीने ठेचल्या. बा पुढे सरसावले. जिनिंग सुटल्यापासून ते कशालाच हात लावत नव्हते. त्यांनी ठेचलेली साल घेतली, चिमटीत धरून धागा ओढला आणि उजेडात पाहिला, कापूस पाहायचे तसाच.

"लांब हाये," ते म्हणाले. "इतका लांब कापसात निंघाला असता तं मालकानं आपल्याले चहा पाजला असता."

"त्या मालकानं?" ताई म्हणाली. "बिनसाखरेचा."

दोघांनी मिळून धागा अन् धागा सोडवला. त्यातून भुरभुर पडणारा तपकिरी भुसा ताईने झाडून निंबाखाली लोटला. स्वच्छ, मऊ, सोनेरी धाग्यांचा ढीग पाहून मलाही वाटले, काम झाले. मोजक्या पिशव्यांवर तिने माती मिसळून तो धागा पसरला. बाकीच्या मागे ठेवल्या. तिचा तो सावधपणा होता म्हणून पुढचे सगळे घडले.

धाग्यात पाणी थांबेना. वरून शिंपडले की ते सरळ खाली उतरे. वरचा थर तासाभरात कोरडा होई आणि तळाचे कुटार कुजे. सुईच्या टोकाएवढे काही कोंब आले आणि पिवळे पडून सुकले. तोवर मागे ठेवलेल्या पिशव्यांतही पाणी सुटू लागले होते. नागपूरहून उलट निरोप आला, काम आहे, ये. ताईने ट्रंक उन्हात ठेवली.

चैत्राचे ऊन होते. ट्रंक आत घ्यायला ती दुपारी बाहेर गेली. गल्लीतले कुत्रे निंबाखालच्या भुशात खड्डा करून पडले होते. तिने हाड् केले, ते हलले नाही. पुन्हा केले, त्याने फक्त डोळा उघडला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग खाली बसून तिने त्याच्या पोटाशी हात घातला.

"भाऊ," तिने हाक मारली. "इकडं ये. हात घाल याच्यात."

मी हात घातला. वरचा भुसा वाळला होता. आत तो थंड आणि ओला होता. कित्येक दिवस त्याला कुणी पाणी घातले नव्हते. तिने मूठभर घेऊन दाबला तेव्हा बोटांमधून थेंब आले.

ती ओसरीवर बांपाशी गेली आणि तो भुसा त्यांच्या तळहातावर ठेवला. "बा, आपण कापूस फेकला अन् सरकी जपून ठेवली."

बांनी तो दाबून पाहिला. मग म्हणाले, "जिनमध्ये खाली पडते तो कचराच असते, माय. जन्मभर झाडत आलो आपण. हात ऐकन कसा?"

मी पुस्तकांत बरेच काही वाचले आहे. पण आयुष्यभराची सवय हातातून अशी एका दुपारी सोडून देणारी माणसे मी फार पाहिली नाहीत. त्यांनी एकमेकांना दोष दिला नाही. ताईने कुत्र्याला भाकरी घातली, बांनी चूल पेटवली. भुसा धुऊन, उकळून, निववून घेतला. राजूरच्या चुनाभट्टीवरून मी आणलेला चुना त्यात कालवला. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये, इतका ओला तिने तो ठेवला आणि उरलेल्या पिशव्यांवर बोटभर पसरला. नागपूरला तिने कळवले, थोडे थांबते.

एका सकाळी बांनीच आतून हाक मारली. भुशातून कोंब वर आले होते. पुढे ते जाड, दुधासारखे पांढरे झाले. रानातल्या सात्यांना, म्हणजे पावसाळी रानअळिंबीला, येतो तसाच पावसाचा वास त्यांना होता. पहिला तोडा ताईने राजूरला नेऊन त्या बाईला दिला. दुसऱ्याची भाजी घरी झाली. एक वाटी काकूकडे गेली.

जेवताना बा म्हणाले, "देवळामागं तं निस्त्या शेंड्या होत्या. भुसा सालीत असते. तिथं कुठून भेटला असता?"

"हो बा," ताई म्हणाली. "सगळं तुह्यामुळंच झालं. कुत्र्याचं नाव नाही घेत मी."

बा हसले. जिनिंग बंद झाल्यापासून ते तेव्हा पहिल्यांदा हसले.

ताई नागपूरला गेली नाही. अळिंबी खाणीच्या वस्तीत खपू लागली. पुढची सगळी वर्षे ती त्या खोलीतल्या कमाईवर जेवली. कधी मला एखादे पुस्तक आणून द्यायची आणि म्हणायची, "वाच. मले मग सांग काय हाये त्याच्यात." सोडवलेला धागा बांनी वाया जाऊ दिला नाही. मांडीवर वळून त्याची दोरी केली आणि त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली. ओली पोती मग तिच्यावर टांगत.

बा जाऊन बरीच वर्षे झाली. इडलीची गाडी आता तिथे नाही. मागच्या खोलीत माझी पुस्तके आहेत. दोरी अजून बांधलेली आहे आणि तिच्यावर ताईचे एक पोते आहे.