मतपत्रिकेवरचा खालचा प्रश्न

२०१८च्या ऑक्टोबरात आमच्या गावच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली एक प्रश्नही होता: नगरसेवकांच्या पगारावर मर्यादा घालावी का? कॅनडातल्या मार्कहॅमहून गाडीने तासभर उत्तरेला असलेलं हे गाव. मराठी घरं मोजकीच, पण मंडळ होतं. मंडळाच्या कामाचे कुणी पैसे घेत नसे. बँकेत नोकरीला असलेले अध्यक्षसुद्धा स्वतःच्या चहाचा डॉलर डब्यात टाकत. आम्हाला त्याचा फार अभिमान.

आमच्या वॉर्डाची नगरसेविका मराठीच होती. नवरा गेलेला, मुलगी शाळेत. बैठका दिवसा असत, म्हणून तिने लॅबमधली नोकरी सोडली होती. घर नगरसेवकाच्या पगारावर चालायचं. आमच्या रस्त्यावर बस आली ती तिच्यामुळे.

दसऱ्याच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, भाड्याने घेतलेल्या चर्चच्या बेसमेंटमध्ये ती म्हणाली, "मत तर मला द्यालच. पण खालच्या प्रश्नाला 'नाही' म्हणा. पगार कमी झाला तर मला हे काम सोडावं लागेल."

अध्यक्ष हसले. "ताई, मी इतकी वर्षं मंडळ चालवतोय. मला कुणी कधी चेक दिला?"

"तुम्हाला तो बँक देते, भाऊ. माझ्या घरमालकाला सेवा चालत नाही."

सगळे हसले. तीही हसली आणि मसालेभात वाढायला उभी राहिली.

गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, "दोन्हीकडे नीट खूण कर."

"मत तिलाच देणार. पण लोकांच्या कामाला एवढा पगार कशाला? तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

"तत्त्वाला ग्रोसरी लागत नाही," मी म्हटलं. त्याने विंटर टायरचा विषय काढला.

ती दणक्यात निवडून आली. पगारावरची मर्यादाही मंजूर झाली. मंडळातल्या बहुतेकांनी दोन्हींना मत दिलं होतं, आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. अध्यक्ष तिच्या घरी पेढे घेऊन गेले.

नवा पगार लागू झाला आणि फेब्रुवारीत तिने राजीनामा दिला. जागेवर एक बिल्डर आला. त्याला पगाराची गरजच नाही, याचं मंडळात कौतुक झालं. उन्हाळ्यात आमची बस बंद झाली.

लॅबने तिला परत घेतलं नाही. ती हायवेजवळच्या दुकानात काउंटरला उभी राहू लागली. एकदा तिथे रांगेत अध्यक्ष माझ्या पुढे होते.

"ताई, पुढच्या वेळी पुन्हा उभ्या राहा," ते म्हणाले. "आम्ही सगळे मत देऊ."

"माहीत आहे," तिने त्यांचं दही स्कॅन केलं. "पिशवी हवी का?"