पाकटाचं पाणी

नवरा गेला आणि मासा राहिला. हे वाक्य ऐकलं की लोक आधी गंभीर होतात, मग हसू दाबतात. हसा की! पहिल्या वर्षी मलाही रडता रडता हसू यायचं. निवृत्त झालेला माणूस भजनाला जातो, पत्ते कुटतो, नाहीतर गुडघ्यांना तेल चोळत बसतो. आमच्या ह्यांनी महाडच्या कारखान्याची प्रयोगशाळा सोडली आणि पलंगापेक्षा मोठी काचेची टाकी आणून घरात मांडली. तीत गोड्या पाण्यातला पाकट, भाकरीसारखा चपटा मासा. कुठल्या तरी परदेशी नदीतला, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, शेपटीला विषारी काटा. आणला तेव्हा बशीएवढा होता, आता परातीएवढा झालाय.

आम्हाला मूलबाळ नाही. हे गेल्यावर पुण्याची नणंद म्हणाली, विकून टाक. दीर म्हणाले, सावित्रीत सोडून दे. सावित्रीत! तिथल्या मगरी ह्याची वाटच बघत बसल्यात. आणि नाही खाल्ला कुणी, तर हाच आपल्या माशांच्या मुळावर यायचा. मी दोघांनाही फोनवर झापलं. खरं कारण मात्र सांगितलं नाही. घरात माझ्याशिवाय आणखी कुणीतरी जेवतंय, एवढ्यासाठी मी त्याला ठेवून घेतलं होतं.

कामं सगळी माझ्या अंगावर पडली. हे शिकवायचे तेव्हा मी अर्ध्या कानानं ऐकलेलं, पण शाळेत पोरांना तीस वर्षं पाढे घोकून घेतलेल्या बाईला तेवढं पुरतं. पाकट कोळंबी खातो, भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो. गाळणीत वाढलेले जिवाणू त्या घाणीचं शेवटी नायट्रेट करतात. ते काही आपोआप जात नाही. दिसत नाही, वास येत नाही, नुसतं साठत राहतं. गाळणीच्या खणात मनीप्लांटची मुळं सोडलीत, ती थोडंफार शोषून घेतात. बाकी सगळी भिस्त पाणी बदलण्यावर. मोजायचं काचेच्या नळीत. पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांमधले थेंब टाकायचे, हात दुखेपर्यंत हलवायचं आणि थांबायचं. पिवळं राहिलं तर छान. केशरी झालं तर पाणी बदला. लाल झालं तर पाकटाचं काही खरं नाही.

पाणी आमच्याच विहिरीचं, पंपानं थेट टाकीत. कापडे गावाच्या बाजूला आमचं घर जरा एकटं आहे, भातखाचरांना लागून. विहिरीचं पाणी असं, की डाळ बघता बघता शिजते. स्वतःची विहीर असताना नळ कशाला, म्हणून ह्यांनी नळाची जोडणीसुद्धा घेतली नव्हती.

ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीत नळ आहे, पण पावसाळ्यात त्याला चहासारखं पाणी येतं. म्हणून पावसाळाभर वाडीतल्या बायका माझ्या विहिरीवर. माझा पावसाळा त्यामुळे गजबजलेला असायचा. बायका हंडे भरायच्या, मग ओल्या पायांनी ओटीवर टेकायच्या, मी चहा टाकायचे. त्यांच्यातली एक माझ्याच वयाची. तिच्या मुलाला मी पहिलीत शिकवलंय. तोंडानं फटकळ, माझ्याहून फटकळ, म्हणून आमचं जमायचं. ती रोज काचेला नाक लावून तेच म्हणायची.

"बाई, येवडा पाकट नुसता बघायला ठेवलाव? मस्त खोबरं वाटून कालवन करा नि बोलवा आमाला."

"तुला घालीन हो जेवायला. आधी त्याचा काटा खायला घालीन."

"बगा गो, बाई मना मारायला निगाली!"

मार्चमध्ये सगळ्या जणी चवदार तळ्याला जायच्या तेव्हा हिची शेळी माझ्या दारात बांधलेली असायची. परत आल्या की ओटीवर बसून तिथल्या गर्दीच्या गोष्टी. कोण हरवलं, कोण सापडलं, कुणाच्या पायाला फोड आले. मी ऐकत बसायचे. एरवी घरात आवाज म्हणजे पंप आणि मिक्सर.

ह्या वर्षी श्रावणात पाकटानं खाणं सोडलं. कोळंबी तोंडाशी नेली तरी तो अंग चोरून कोपऱ्यात. नळीत पाणी केशरी. पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी जास्तच केशरी. महाडच्या मत्स्यालयाच्या दुकानात फोन केला, तो म्हणाला, "आंटी, खाना कम करो, पानी और बदलो." आंटी म्हणे! पाणी आणखी बदललं. मग लाल. मी पाकटाला शिव्या घातल्या, कोळंबी विकणाऱ्याला घातल्या, गाळणी धुऊन काढली. जितकं पाणी बदलावं तितकं नळीतलं लाल गडद. पाकटाच्या अंगाची कड वर वळायला लागली, शिळ्या पोळीसारखी. ते लक्षण वाईट, हे मला ठाऊक होतं.

मग वाटलं, थेंबच बिघडले असणार. खात्री करायला जे पाणी स्वच्छच आहे, ज्याबद्दल शंकाच नाही, ते घ्यावं. म्हणून माझ्या पिण्याच्या माठातलं, विहिरीचं पाणी नळीत घेतलं.

लालभडक.

मला ते पटेना. पागोळ्यांखाली बादली होती, तिच्यातलं पावसाचं पाणी घेतलं. तेच थेंब, तीच नळी. पिवळं. म्हणजे थेंब चांगले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी. पाकट बिचारा काय करणार, मीच त्याच्या टाकीत रोज पंप लावून नायट्रेट ओतत होते. वरच्या खाचरात नुकताच युरिया पडला होता. चढावर नव्या घरांच्या संडासांचे शोषखड्डे झालेत. ह्यांनी टाकीचं पाणी शंभरदा मोजलं असेल, पण विहिरीचं नाही. आपल्या विहिरीचं पाणी कोण मोजतं?

आणि मग एकदम त्या बाळाची आठवण झाली. माझ्या फटकळ मैत्रिणीची सून बाळंत होऊन घरी आली होती. तिला दूध कमी, म्हणून बाळाला पावडरीचं दूध. पाणी माझ्या विहिरीचं, मुद्दाम चांगलं म्हणून नेलेलं. मी पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मोठ्यांना एवढं नाही, पण तान्ह्या बाळाला असलं पाणी अजिबात नको, रक्तात प्राणवायू टिकत नाही, ओठ निळे पडतात. म्हटलं, त्या उकळून घेतात की. म्हणाल्या, उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट आटून दाट होतं.

सांगायला तर हवंच होतं. तरी मी हातात फोन धरून बसून राहिले. मला भीती वाटली, खरं सांगते. बायका विहिरीवरून गेल्या की माझ्या ओटीवरून जाणार. आणि दुसरी भीती त्याहून मोठी. 'माझ्या विहिरीवर पाणी भरू नका' हे वाक्य आमच्या महाड-पोलादपुरात कुणी कुणाला साधं म्हणून सांगू शकत नाही. त्यातून माझ्यासारखीनं ओढ्यापलीकडच्या बाईला तर नाहीच नाही. कसं सांगायचं ते मी मनात दहा प्रकारांनी जुळवलं.

सकाळी त्या आल्या आणि सगळं जुळवलेलं विसरून माझ्यातली मास्तरीण बोलली. "आजपासून इथलं पाणी भरायचं नाही."

दोर हातातच राहिला तिच्या. मी घाईघाईनं दोन्ही नळ्या दाखवल्या, लाल आणि पिवळी. युरिया सांगितला, बाळाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. ती नळ्यांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"परवा तुमी आमच्यासंगं ह्याच पान्याचा चा पिलाव."

"तेव्हा मला माहीत नव्हतं गं."

"बरं." तिनं दोर जागच्या जागी नीट गुंडाळून ठेवला. "नको भरू म्हनायचं ना मग सरळ. येवड्या नळ्या कशाला दाखवताव बाई? तुमची सासू बरी व्हती, तोंडावर सांगायची."

मला तिथल्या तिथं रडू फुटलं. पावसात ते कुणाला दिसलं नसेल. रिकामे हंडे घेऊन बायका ओढा ओलांडून गेल्या.

मी स्वस्थ बसले नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताईंना बोलावलं, पाण्याची बाटली सरकारी प्रयोगशाळेत पाठवायला लावली. वाडीत जाऊन बाळाचं पाणी आधी बदला, बाकी मला काय बोलायचं ते बोला, असं सांगायला लावलं. अहवाल आला तो माझ्या नळीसारखाच. पाकटासाठी मी पागोळ्यांखाली पिंपं लावली आणि रोज थोडं थोडं पावसाचं पाणी टाकीत भरत गेले. एकदम बदलून चालत नाही, त्याला सोसत नाही. पाठ मोडून निघाली. पण नळी लालाची केशरी झाली, केशरीची पिवळी झाली. अंगाची कड खाली आली. एका दुपारी तो वाळूवरून उठला, काचेवर पोट घासत वर आला आणि माझ्या चिमट्यातली कोळंबी त्यानं ओढून घेतली. "अग बाई! जेवला!" असं मी मोठ्यानं ओरडले. ओटीवर कुणी नव्हतं.

पावसाचं पाणी गाळून, उकळून मलाही प्यायला चाललं असतं. पण मी कळशी घेतली आणि ओढ्याचा साकव ओलांडून वाडीच्या नळावर गेले. पाण्याची सबब होती, मला माणसांत जायचं होतं. बायका रांगेत होत्या, गलका चालला होता, कुणाचं तरी लग्न ठरलं होतं. सून बाळाच्या दुधासाठी वेगळी बरणी भरून घेत होती, नळाचं पाणी, वर तुरटी फिरवून ठेवणार म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर, गुबगुबीत, ओठ लालचुटूक. मला एवढं बरं वाटलं की मी त्याचा पाय धरून हलवला.

मैत्रीण पुढं आली. "खरं व्हतं तुमचं, बाई. आशाताईनी सांगितलं. मी काय काय बोलले, मनावर घेऊ नका."

"मी कशाला घेते गं मनावर?"

"नाय, चुकलंच माजं," ती म्हणाली आणि बाकीच्यांकडे वळली. "सरा गो, बाईंना आदी भरू द्या."

सगळ्या सरल्या. लग्नाचं बोलणं थांबलं. मी म्हटलं, "अगं, मी थांबते की रांगेत. मला कसली घाई?" पण कुणीतरी माझ्या हातातून कळशी घेतली, विसळली, नळाखाली धरली. भरली. पदरानं बाहेरून पुसूनसुद्धा दिली.

"जावा सावकाश," मैत्रीण म्हणाली. "साकवावर निसरडं हाय."

साकवाशी पोचते तोवर मागं गलका पुन्हा सुरू झाला होता. आता मी रोज जाते, कधी लवकर, कधी उशिरा, रांग लांब असेल अशा बेतानं. कधीही गेले तरी त्या सरतात आणि माझी कळशी पहिली भरून देतात.