यादीबाहेरच्या डॉक्टरीणबाई

आमच्या घरातले सगळे पासवर्ड माझ्याकडे असतात. कर, पालिका, मुलीची शाळा, विमा, सगळं मीच बघते आणि चांगलं बघते. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप या आमच्या गावातल्या मराठी मंडळींना डिसेंबर लागला की माझी आठवण येते, कारण इथे विमा बदलायचा तो वर्षाअखेरीला. कुठली पॉलिसी घेऊ, असं कोणी विचारलं की मला मनापासून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

मागच्या डिसेंबरात मी नवऱ्याची दातांची पॉलिसी बदलली. नव्या पॉलिसीत कंपनीने ठरवलेल्या दवाखान्यांची यादी होती. यादीतल्या दवाखान्यात गेलं तर जवळजवळ सगळा खर्च मिळणार, बाहेर गेलं तर थोडाच. यादीतला एक दवाखाना घरापासून सायकलने पाच मिनिटांवर होता. त्याच्या जुन्या डॉक्टरीणबाई लायडनला, आणि त्या यादीत नव्हत्या.

"दात तेच, ड्रिल तेच," मी म्हणाले. "उगाच लायडनपर्यंत कशाला धावायचं?"

तो "बरं" म्हणाला. त्याच्या "बरं"ला मी होकार समजते. लग्नाला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून समजत आले होते.

हा माणूस ऑफिसात अख्खी टीम सांभाळतो, पण दातांच्या खुर्चीला लहानपणापासून घाबरतो. मला ते ठाऊक होतं, मी त्यावरून त्याची टिंगलही करायचे. लायडनच्या बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, दुखलं की डावा हात वर कर, मी थांबेन. आणि त्या खरंच थांबायच्या. म्हणून तो तिथे जायचा.

मार्चमध्ये तो नव्या दवाखान्यात जाऊन आला. मी विचारलं, "कसं झालं?" तो म्हणाला, "झालं." विषय तिथेच संपला.

मग दिवाळी आली आणि त्याने चकली चहात बुडवली. कुडुम आवाज करून मोडली नाही तर तिला चकली न म्हणणारा हा माणूस. माझा जीव खाली-वर. पुण्याला आईला फोन लावला. तिने निकाल दिला, "मोहन कमी पडलं असणार." मी दुसऱ्यांदा भाजणी भिजवली, तेल सढळ हाताने घातलं, तळणीपाशी दोन तास उभी राहिले. त्याने तीही चहात बुडवली. फराळाला आलेल्या मैत्रिणींनी डबा रिकामा केला, तर मला वाटलं माझं मन राखतायत.

शेवटी मी भडकले. "बिघडली असेल तर तोंडाने सांग ना!"

"अगं, मस्त झालीय," तो म्हणाला आणि आणखी एक बुडवली.

आमची लेक नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "आई, बाबा ओन्ली च्यूज ऑन वन साइड. सिन्स मार्च."

मग एकेक बाहेर आलं. मार्चमध्ये त्याची मागची दाढ कोरायला घेतली होती. दुखलं तसा त्याने हात वर केला. "झालंच," म्हणून डॉक्टरांनी काम चालू ठेवलं. त्याने परत हात वर केला, परत "झालंच". दाढ तात्पुरती बुजवून त्यांनी पुढची तारीख दिली, त्या तारखेला हा गेलाच नाही.

"मग सरळ लायडनला जायचंस!"

"तू एवढा अभ्यास करून ठरवलं होतंस," तो म्हणाला. "तुझं चुकलं असं सांगायचं माझ्या जिवावर आलं."

मला त्याचा राग आला आणि माझी लाज वाटली. चकलीपायी मी पुण्यापर्यंत चौकशी केली होती, पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं लायडनला गेलो. खर्च खिशातून झाला, त्याचं काही नाही. बाईंनी एक्स-रे पाहिला आणि इथल्या रीतीप्रमाणे आडपडदा न ठेवता सांगितलं की उन्हाळ्याआधी आला असतास तर दाढ वाचली असती, आता काढावी लागेल. पॉलिसी मी निवडली होती, हे मी आपणहून सांगून टाकलं. त्यांनी मान डोलावली आणि त्याला म्हणाल्या, "डावा हात, लक्षात आहे ना?"

त्याने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा बाईंनी आपले हात बाजूला घेतले आणि तो मान हलवेपर्यंत वाट पाहिली. दोन्ही वेळा मिळून एक मिनिटही गेलं नसेल. दाढ गेली ती गेलीच.

यंदाच्या डिसेंबरात मी पुन्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. विम्यातलं मला अजूनही इतरांपेक्षा जास्त कळतं, त्यात बदल नाही. तो समोर बसला होता. "हे बघ," मी सुरू केलं, "ही पॉलिसी सगळ्यात चांगली, यात यादीबिदीची भानगड नाही, शिवाय तुला..."

त्याने डावा हात वर केला.

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले आणि थांबले.