सासूबाईंचा बुटका ओटा

माझ्या सासूबाई, युए-श्या, चांगल्या उंच. च्याई गावातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या उंचीची दुसरी बाई नाही. आणि आमचा मोझॅकचा ओटा बुटका, कारण तो त्यांच्या सासूच्या मापानं बांधलेला. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या वाकून मासे साफ करतात आणि वाकूनच त्या मेलेल्या सासूच्या नावानं बोटं मोडतात. त्यांचं तोंड असं की मासळीवाला वजनात मारताना दोनदा विचार करतो. बहिणीच्या मुलीला लग्नाआधी दिवस गेले, तेव्हा तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. दोघी बहिणी त्यानंतर बोलल्या नाहीत.

शेवटी ओट्याला भेग पडली आणि पाणी झिरपायला लागलं. माझ्या नवऱ्याचं, च्या-होंगचं, म्हणणं होतं की वरून स्टीलचा पत्रा चढवावा, एका दिवसात काम उरकेल.

"खरजेला पावडर लावतोस का रे?" सासूबाई कडाडल्या. "फोडायचा! मुळापासून! आणि नवा माझ्या उंचीचा बांधायचा."

नणंदेनं, वेन-छीताईनं, आईचीच बाजू घेतली. ताई तैपेईत नोकरी करते, चाळिशीला आलीय, लग्न केलेलं नाही. देवधर्म, मुहूर्त असल्या गोष्टींची तिनं आयुष्यभर टिंगल केली. मिस्त्री तिनंच ठरवला आणि काम बघायला म्हणून मुद्दाम घरी आली. आल्यापासून जरा गप्प होती, पण आम्हाला वाटलं, दमली असेल.

आ-तु मिस्त्री सकाळीच आला. आम्ही भांडी हलवली, शेगडी बाहेर काढली. त्यानं छिन्नी लावून हातोडा उचलला आणि सासूबाई ओरडल्या, "थांब!"

मिस्त्रीचा हात वरच राहिला. सासूबाई दाराकडे बघत होत्या. मग मागच्या अंगणात गेल्या आणि झाडू घेऊन आल्या. रिकाम्या ओट्यावरून तो हलक्या हातानं, अगदी झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवावा तसा फिरवला आणि पुटपुटल्या, "जरा बाजूला व्हा हो देवा, काम करायचंय."

मी जागच्या जागी थिजले. घरात कुणी पोटुशी असली की गर्भाचा देव घरातल्याच वस्तूंत वस्तीला असतो. कधी चुलीत, कधी दारात, कधी पलंगात. तिथे घाव बसला तर तो बाळाला लागतो. म्हणून ठोकाठोकी करायची नाही, आणि वस्तूला हात लावायचाच झाला तर आधी झाडून देवाला बाजूला करायचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मिस्त्रीनं हातोडा हळूच पिशवीत टाकला आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसला. "काय सूनबाई! आधी सांगायचं नाही का? अभिनंदन!"

मूल व्हावं म्हणून किती वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतेय मी. च्या-होंग तर माझ्याकडे भूत बघावं तसा बघायला लागला.

"ती नाही," सासूबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते सोडलंच नाही.

मग घरात उरलं कोण? आम्ही सगळे वळलो. वेन-छीताई दाराबाहेर उभी होती, भिंतीला पाठ लावून. दोन्ही हात पोटावर. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"आई, तुला कुणी सांगितलं?" ताईनं विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? हातोडा उचलला तशी पोट धरून पळालीस. तू! सगळ्या देवांना हसणारी!"

"लग्न नाही झालेलं, आई. होणारही नाही."

आता काय होणार ते मला दिसत होतं. ताईलाही दिसत असावं, कारण तिची नजर कोपऱ्यातल्या स्वतःच्या बॅगेकडे गेली. सासूबाईंची नजरही बॅगेवर गेली. एवढी खमकी बाई, पण मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं.

"त्यावर मी नंतर ओरडेन," त्या म्हणाल्या. "आत्ता घरात परका माणूस आहे." आणि मिस्त्रीकडे वळल्या. "फोडू नकोस. वरून पत्रा बसव. नुसता चिकटव, खिळा नको."

मिस्त्री घुटमळला. "मावशी, मग ओटा बुटकाच राहील. एकदा पत्रा बसला की पुन्हा कोण उकरणार? जन्मभर वाकावं लागेल."

"वाकेन," सासूबाई म्हणाल्या. "कंबर माझी दुखेल, तुझं काय जातंय?"

पत्रा बसला. मिस्त्री गेला आणि सासूबाई कबूल केल्याप्रमाणे ओरडल्या. कित्येक दिवस ओरडल्या. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, ताई रडून रडून सुजली. पण बॅग सासूबाईंनी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली होती आणि बाळ होईपर्यंत घरात कुणाला हातोड्याला हात लावू दिला नाही. नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं, तेसुद्धा खिळा ठोकायला नको म्हणून जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं. तारीख बघायला आम्ही सगळेच वाकत होतो.