बोटवाल्या चाचांचं शांघाय

आमच्या बोटवाल्या चाचांइतका सरळ माणूस श्रीवर्धनपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि त्यांनी वाढलं तितकं वाईट जेवणही या किनाऱ्यावर कुणी कुणाला वाढलं नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. कुणाची हरकत असेल तर त्याने मुरुडच्या बाजारात उभं राहून तसं बोलावं, मी उत्तर द्यायला येईन. पण तो येणार नाही. ते जेवण चाखलेले साक्षीदार अजून गावात आहेत.

चाचांची नारळी-पोफळीची वाडी आमच्या वाडीला लागून. मधे कमरेएवढा दगडी गडगा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बोटीवर खलाशांचं जेवण रांधण्यात घालवली. रजेवर गावी आले की गडग्याला रेलून उभे राहायचे आणि नाक वर करून वास घ्यायचे. त्या नाकाची कीर्ती मोठी होती. एकदा आमची आई चुलीपाशी असताना गडग्यापलीकडून आवाज आला, "वहिनी, आमटीत चिंच पडायची राहिली व्हय?" आई संतापली. मग तिने चमचाभर आमटी तोंडात घालून पाहिली आणि मुकाट्याने चिंच भिजत घातली. "त्या माणसाला नाक दिलंय की दुर्बीण!" म्हणाली. स्वतःच्या हंडीतलं मात्र चाचांनी कधी चाखून पाहिलं नाही. "चाखून रांधतो तो नवशिका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झाकण जरा बाजूला करायचे, वाफ नाकात घ्यायचे आणि मीठ टाकायचे. मासळीच्या कालवणात ते मीठ एकदाही चुकलं नाही, हे मी विरोधक म्हणूनही मान्य करतो. त्यांच्या हातचं सुरमईचं कालवण खाल्लं की आम्ही पोरं ताट चाटायचो.

बोटीची सवय अंगात इतकी मुरली होती की घराच्या ओटीला ते डेक म्हणायचे. संध्याकाळी डेकवर येऊन समुद्राकडे बघायचे आणि उद्याचं हवामान सांगायचे, ते हमखास चुकायचं. जेवायचे उभ्याने, ताटली हातात घेऊन, पाय फाकवून. चाची वैतागायच्या. "आवो, घर हाय ह्ये. हलत न्हाय. बसा आता!" आणि धर्माच्या बाबतीत तर चाचा असे कडक की परदेशच्या बंदरात बाकीचे खलाशी शहरात जाऊन काहीबाही खायचे तेव्हा हे खिशात खजूर आणि उकडलेली अंडी घेऊन फिरायचे. मी विचारलं, "चाचा, इतकी शहरं पाहिलीत आणि अंडीच खाल्लीत?" तर म्हणाले, "लीडर, अंडं जगात कुठंबी अंडंच असतं. त्याच्यात कोन काय मिसळनार?" मी पत्रकं काढायचो, बाजारात उभा राहून भाषणं करायचो, म्हणून मला ते लीडर म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती, ते कधी कळलं नाही.

शेवटी चाचींनी निर्वाणीचं सांगितलं. लग्न होऊन केस पांढरे झाले, नवरा घरी किती राहिला ते बोटांवर मोजावं. आता बोटीवर गेलात तर परत याल तेव्हा मी असेन याचा भरवसा धरू नका. चाचा दोन दिवस डेकवर येरझारा घालत राहिले. तिसऱ्या दिवशी गडग्याशी येऊन मला म्हणाले, "हॉटेल काडतो. चाललं तर मेलो तरी बोटीची शिडी चढनार न्हाय." मी म्हटलं, उत्तम, तुमच्या हातचं कालवण खायला अलिबागहून लोक येतील. चाचांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "कालवन घरोघरी हाय. मी चिनी करनार. चिनी कुनाकडं हाय?"

मुरुडमध्ये चिनी जेवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बेडूक उड्या मारू लागले. म्हणून पाटीवर 'शांघाय' ही अक्षरं बेताची आणि 'हलाल' ही त्यांच्या दुप्पट मोठी रंगवली गेली. जाहिरातीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाचा शेजारी उभे राहून सांगत होते, "लिव. बेडूक न्हाय, साप न्हाय, दारू न्हाय. आनि डुक्कर तर तौबा तौबा." त्या पत्रकात जेवणात काय नाही याची संपूर्ण माहिती होती. काय आहे, ते मी विचारलं नाही आणि चाचांनी सांगितलं नाही.

उद्घाटनाला शुक्रवारची नमाज झाल्यावर जमातीची वडीलधारी मंडळी आली. त्यांच्या पुढे मशिदीजवळचे मोठे मियाँ, पांढरी दाढी, हातात काठी, आणि ज्यांच्या शब्दाबाहेर मोहल्ला जात नाही असे. त्यांनी हो म्हटलं तर हॉटेल, नाही म्हटलं तर बोट, हे चाचांनाही माहीत होतं आणि पडद्याआडून बघणाऱ्या चाचींनाही. मोठे मियाँ आधी स्वयंपाकघरात शिरले.

"कोंबडी कुणी कापली?"

"मीच. बिस्मिल्ला करून."

"चरबी कसली घालतोस?"

"चरबी न्हाय. खोबरेल."

"ते लोक बाटलीतलं काहीतरी ओततात म्हणे."

"ते ओततात दारू. मी ओततो गुलाबपानी."

मोठ्या मियाँच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आणि हे काळं काय?"

"त्यांचं काळं पानी कशाचं असतं अल्लाला ठाऊक. मी गूळ जाळला, त्यात कोकमाचं आगळ घातलं. रंग बघा, तस्साच हाय."

"या दोऱ्या?"

"ईदच्या शेवया हायत, मियाँ."

तपासणीत बोट ठेवायला कुठे जागा उरली नाही. मंडळी बाकांवर बसली, बशा आल्या, वाफ आली. दिसायला ते काय सुंदर होतं! काळसर चकाकी, त्यात कोबीचे हिरवे काप, मधून कोंबडीचे पांढरे तुकडे. मोठ्या मियाँनी पहिला घास घेतला. मी दुसरा घेतला. खोबरेलात परतलेल्या शेवया गिळगिळीत झाल्या होत्या, जळका गूळ कडवटला होता, आगळाने दात आंबले होते आणि या सगळ्यावर गुलाबपाण्याचा असा दरवळ की लग्नाच्या मांडवात कुणीतरी अंगावर शिंपडून गेल्यासारखं वाटावं. मीठ जवळजवळ नव्हतंच. चाचा हात पुसत उभे होते, एकेकाच्या तोंडाकडे बघत.

मोठ्या मियाँनी घास गिळला, वर पाणी घेतलं आणि घसा साफ केला. "हलाल आहे," ते म्हणाले. "यात शंका नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं माशाल्ला, कुणी म्हणालं वेगळं आहे. एकजण तर "रंग छान जमलाय" एवढं बोलून उठून गेला. मला हे सहन झालं नाही. आमच्या गावात तोंडावर खोटं बोलण्याला आदब म्हणतात, आणि याविरुद्ध मी आजवर जितकी पत्रकं काढली तितकी सरकारविरुद्धही काढली नाहीत. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चाचा, तिकडे हे असंच लागतं?"

चाचा गोंधळले. "मला काय ठाऊक?"

"म्हणजे?"

"मी कदी खाल्लंय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या बोटीवर इंजिनात चिनी लोक कामाला, डेकवर आपले कोकणी. दोघांची दोन स्वयंपाकघरं आणि मधल्या भिंतीत एक खिडकी. पलीकडे एक म्हातारा चिनी रांधायचा. चाचा आपली हंडी ढवळता ढवळता त्या खिडकीतून त्याचे हात बघायचे. कांदा कसा कापतो, कढई कशी उडवतो, काय आधी टाकतो आणि काय मागाहून, तीस वर्षांत त्यांनी सगळं पाठ केलं. मीठ टाकताना तो कधी दिसला नाही, म्हणून यांनीही ते हात राखूनच टाकलं. वास रोज नाकात जायचा. म्हातारा बशी भरून पुढे करायचा, हसायचा, खुणेने खा म्हणायचा. आणि चाचा छातीवर हात ठेवून मान हलवायचे. त्यात डुकराची चरबी असायची. "लय वास यायचा रे," चाचा म्हणाले. "पन हात न्हाय लावला कदी."

मी खाली बघितलं. मोठ्या मियाँनी चष्मा काढून पुसला. मग चाचांनी स्वतः एक चमचा उचलला, तोंडात घातला, बराच वेळ चघळला. आणि त्या माणसाचा भाबडेपणा बघा, ते म्हणाले, "असंच असंल. त्यांची जीभ येगळी, आपली येगळी."

पुढे जे झालं त्याचा मी आजही निषेध करतो. लोक रस्त्यात भेटले की चाचांची स्तुती करायचे, "काय झकास हॉटेल काढलंत!" म्हणायचे आणि समोरच्या दुकानात जाऊन भजी खायचे. शांघायमध्ये चहा आणि पाव खपायचा, एवढंच. चाची म्हणाल्या, "आवो, कालवन करा, वडे-मटन करा, लोक उड्या मारतील." मीही तेच सांगितलं, मुद्देसूद सांगितलं. चाचा ऐकेनात. "पाटीवर शांघाय लिवलंय. आत कालवन वाडलं तर पाटी खोटी पडंल." मी म्हटलं, पाटी बदला. "मग पत्रक खोटं पडंल. तूच लिवलंयस ना?" एका लीडरला यापेक्षा मोठी चपराक कुणी मारली नसेल. पाऊस तोंडावर आला तशी पाटी उतरली, आणि पावसानंतर चाचा बोटीवर गेले. मी म्हणतो गोड बोलणाऱ्यांनीच त्यांना शिडी चढायला लावलं. पण मी तर खरं बोललो होतो, आणि त्याने तरी काय थांबलं? चाची बंदरावर आल्या नाहीत. वाडीत नारळ सोलत बसल्या होत्या.

गेल्या वर्षी चाचा कायमचे परत आले. डोळे अधू झाले, कंपनीने रजा दिली. चाची होत्या, ठणठणीत. मी भेटायला गेलो तेव्हा चाचा आवाज खाली आणून म्हणाले, "हाँगकाँगला एक दुकान गावलं. चिनी म्हातारा, पन टोपीवाला, आपल्यातला. दारावर कलमा लिवलेला. आत बसलो. तेनं समोर बशी ठेवली."

"मग?"

चाचांची बोटं मांडीवर काहीतरी ढवळत असल्यासारखी फिरत होती. "लीडर, तू खरं बोलला व्हतास त्या दिवशी. मी केलं ते काय खायचं न्हवतं." मग म्हणाले, "तीस वर्सं मी त्या खिडकीशी उभा व्हतो रे. ते असं असतं ह्ये मला कुनी सांगितलं न्हाय."

मी उत्साहाने म्हणालो, "मग आता काढा परत! आता तर चव कळली. मी पत्रक लिहितो."

"कळली म्हनून तर न्हाय," चाचा म्हणाले. "ठाऊक न्हवतं तवा हात बिनधास्त चालायचा. आता कसा चालंल?"

प्रत्येक प्रश्नावर मला बोलता येतं, ही माझी ख्याती आहे. या वेळी मी पत्रकासाठी उघडलेलं पेन बंद करून खिशात ठेवलं. आतून चाची म्हणाल्या, "जाऊ द्या ते चिनी. मानूस घरी हाय ना?"

"व्हय," चाचा म्हणाले. "घरी हाय."

पण ते म्हणताना त्यांचे अधू डोळे वाडीपलीकडे, पाण्याच्या दिशेने लागले होते. चाचींनी ते पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि दिव्याची काच पुसायला घेतली.