बाल्कनीचे अठ्ठेचाळीस बोल्ट

उत्तरा मनोळीकर गेली अठरा वर्षं बोल्ट ओढून बघते. काँक्रीट वाळून दगडासारखं झालं की त्यात नंतर भोक पाडून जे बोल्ट बसवतात, ते. जुन्या इमारतीला लोखंडी जिना जोडायचा असतो, कुठं गच्चीवर मोठी पाटी उभी करायची असते. मग खांबाला भोक पाडतात, आत केमिकल भरतात, त्यात बोल्ट खुपसतात आणि केमिकल वाळलं की वर नट आवळतात. बाहेरून दिसतो तो चकचकीत नट. आत काय आहे ते भोक पाडणाऱ्याला ठाऊक असतं, नाहीतर ओढून बघणाऱ्याला.

ती राहते धारवाडला, माळमड्डीत. नवरा गुरुप्रसाद हायस्कुलात गणित शिकवतो. रोज सकाळी ती चिगरी बसनं, म्हणजे हुबळी-धारवाडच्या जलद शहरबसनं, हुबळीला यायची. विद्यानगरातल्या एका लहान प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. 'होती' असं म्हणतो, कारण आता नाही. ती का गेली, तेच सांगायचं आहे.

या कामात किळस येण्यासारखं पुष्कळ आहे. भोक पाडल्यावर आत पिठासारखी धूळ साठते. ती पंपानं फुंकून, तारेच्या ब्रशानं घासून, पुन्हा फुंकून काढावी लागते. न काढता केमिकल भरलं तर ते काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं. कामगार तोंडानं फुंकतात. काहीजण तेही करत नाहीत. मुदत संपलेल्या केमिकलच्या नळ्या कोपऱ्यात पडलेल्या असतात, त्यांच्यावरची तारीख नखानं खरवडलेली असते. आणि प्रत्येक भिंतीच्या तळाशी लाल पिचकाऱ्या. उत्तरा साइटवरून घरी आली की आधी हात कोपरापर्यंत धुते, मग बोलते.

पण खरी किळस तिनं गिळलेली होती, आणि ती दुसऱ्याच गोष्टीची. साइटवर गेलं की ठेकेदाराच्या माणसानं तीन बोल्टांवर आधीच खडूची खूण केलेली असायची. हातानं दाबायच्या जॅकनं ओढायचे ते तेच तीन. तीन टिकले की सगळे टिकले. प्रयोगशाळेचे मालक श्रीवत्स तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "खडू आहे तिथंच जॅक लावायचा. आपण तपासणारे, पोलीस नव्हे." ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिनं मान डोलावली आणि पुढं डोलावतच राहिली.

गेल्या वर्षी जानेवारीत उत्तराच्याच समाजाच्या मंगल कार्यालयाचं काम आलं. दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीतलं हे कार्यालय जुनं आहे. तिथं सभागृहात नवी बाल्कनी काढली होती, लग्नात बायकामुलांना वर बसून बघता यावं म्हणून. बारा लोखंडी ब्रॅकेट, प्रत्येकाला चार बोल्ट, म्हणजे अठ्ठेचाळीस बोल्टांवर साठ-सत्तर माणसं बसणार.

ट्रस्टचे अध्यक्ष रामचंद्र वकील. सगळे त्यांना काका म्हणतात. उत्तराच्या मनात त्यांची जागा वडिलांच्या खालोखाल होती. लग्नानंतर तिनं साइटवरची नोकरी करू नये असं सासरच्यांचं मत होतं, तेव्हा हेच काका घरी येऊन, चहा पिऊन, सासऱ्यांना म्हणाले होते, "मुलगी इंजिनियर झाली ती काय पापड लाटायला?" त्या एका वाक्यावर तिची नोकरी टिकली. म्हणून हे काम तिनं आपणहून मागून घेतलं.

ठेका होता काकांच्या पुतण्याकडं, सुरजकडं. तिशीतला हसतमुख माणूस. त्यानं खुर्ची पुसून दिली, पाण्याची बाटली ठेवली.

"अक्का, तीन खुणा करून ठेवल्यात. पंधरा मिनिटांचं काम."

तीन बोल्ट ओढले. जॅकच्या गेजचा काटा दोन टनांवर गेला, पाच मिनिटं तिथं थांबला. तिन्ही बोल्ट हलले नाहीत. सुरजनं चहा मागवला. उत्तरा जॅक पेटीत ठेवायला वाकली. तेव्हा खुणेच्या बोल्टाशेजारचा, खडू नसलेला एक नट तिला वाकडा वाटला. तिनं सवयीनं पाना लावला आणि फिरवला. नटाबरोबर आख्खा बोल्टच फिरला.

"तो जरा सैल असेल," सुरज म्हणाला. "एनू आगूदिल्ल बिड्री."

काही होत नाही, सोडा. हुबळीत हे वाक्य दिवसाला दहादा ऐकू येतं, आणि उत्तरानं ते आजवर दहादा सोडलेलंही होतं. त्या दिवशी तिनं पेटी पुन्हा उघडली. का, ते तिला अजून सांगता येत नाही. वर बसणाऱ्या बायका ओळखीच्या होत्या, एवढंच ती म्हणते.

जॅक लावून दांड्याला चार हात मारले. काटा अर्ध्या टनापर्यंतही गेला नाही. बाटलीचं बूच निघावं तसा बोल्ट बाहेर आला. पाच इंच आत असायला हवा होता, तो दोन इंचांतच संपत होता. टोकाला करवतीनं कापल्याच्या खुणा होत्या. आणि त्याच्यामागं भोकातून काहीतरी डोकावत होतं. तिनं चिमट्यानं ओढलं. गुटख्याची पाकिटं निघाली. घडी घालून, चोळामोळा करून, बोटानं आत कोंबलेली. एक, दोन, सात. काही ओली होती. त्यांचा गोडसर, आंबलेला वास थेट तिच्या नाकात गेला आणि तिनं खिडकीकडं तोंड केलं.

प्रकार साधा होता. ट्रस्टच्या माणसानं भोकं तारेनं मोजली तेव्हा ती पाच इंच खोल होती. तो गेल्यावर आत पाकिटं कोंबली, म्हणजे केमिकल कमी लागतं, आणि बोल्टही कापून घातले, म्हणजे एकातून दोन होतात.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

सुरजनं पाकिटं पाहिली. "गुटख्याची नव्हेत ती, अक्का. साध्या सुपारीची आहेत."

तो गंमत करत नव्हता. त्याला खरंच वाटलं, की आक्षेप गुटख्याला आहे.

उत्तरानं आणखी अकरा बोल्ट ओढले, आपल्या मनाला येतील ते. त्यातले सहा असेच निघाले. कामगार मचाणावर बसून बघत होते. त्यातला एक वयस्क माणूस खाली मान घालून म्हणाला, "आम्हाला जसं सांगितलं तसं केलं, बाई." त्याच्या गालात तेव्हाही सुपारी होती.

संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली. कापलेला बोल्ट आणि पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. तिला वाटलं होतं, काका संतापतील, पुतण्याला बोलावून घेतील. काकांनी पिशवी टीपॉयवरून दोन बोटांनी बाजूला सरकवली. शेजारी खाऱ्या शेंगदाण्यांची बशी होती.

"तू खुणेचे तीन ओढलेस, ते टिकले ना?"

"टिकले. पण काका, बाकीचे—"

"मग तेवढंच लिही. खोटं लिही असं मी कधी म्हणेन का? बावीस तारखेला भाग्यलक्ष्मीच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका वाटून झाल्या. लग्न होऊ दे, मग सावकाश सगळं दुरुस्त करून घेऊ. समाजाची लाज आहे बाळ, ती चव्हाट्यावर मांडायची नसते."

मग त्यांनी शेंगदाण्यांची बशी तिच्यापुढं केली.

पाकिटांनी आली नव्हती एवढी किळस तिला त्या बशीची आली. काकांना धक्का बसला नव्हता. त्यांना आधीपासून माहीत होतं, किंवा आत्ता कळूनही काही वाटत नव्हतं. यातलं जास्त वाईट काय, ते तिला ठरवता येईना. ती पिशवी उचलून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी श्रीवत्सांनीही तेच शब्द वापरले. "खोटं कुठं लिहायचंय? तीन ओढले, तीन टिकले. बाकीचे ओढायला तुला कुणी सांगितलं होतं?" तरी तिनं पूर्ण अहवाल लिहिला. पंधरा ओढले, सात निघाले, बाल्कनी वापरू नये. खाली सही केली. तीन दिवसांनी काकांचा फोन आला. शहाणपणानं वागलीस, म्हणाले. तेव्हा तिनं प्रयोगशाळेतली फाइल काढून बघितली आणि तिला कळलं, की तिचा अहवाल गेलाच नव्हता. एका पानाचा दुसराच गेला होता, तीन बोल्टांचा, आणि त्याखाली तिचीच सही छापली होती.

त्या रात्री जेवताना तिनं घास तसाच ताटात ठेवला. गुरुप्रसादनं विचारलं तेव्हा म्हणाली, "मी सुरजला नावं ठेवते आहे. अठरा वर्षं मी काय केलं? त्यानं भोकात कचरा कोंबला, मी त्यावर सही कोंबली."

गुरुप्रसादनं तिच्या भांड्यात पाणी ओतलं. मग म्हणाला, "त्या बाईंना माहीत आहे का? जिच्या मुलीचं लग्न आहे?"

भाग्यलक्ष्मीचं धारवाडला सुभाष रोडवर बांगड्यांचं दुकान आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दुकान आणि मुलगी, दोन्ही तिनं एकटीनं सांभाळलं. उत्तरा दुपारी गिऱ्हाईक कमी असताना गेली. आधी भाग्यलक्ष्मीला तिचाच राग आला.

"लग्न नऊ दिवसांवर आलंय आणि तुम्ही आता सांगायला येताय? काकांशी तुमचं काही बिनसलंय का?"

उत्तरानं पिशवी काचेच्या काउंटरवर ठेवली. भाग्यलक्ष्मीनं बोल्ट हातात घेतला, कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. पाकिटांपाशी नाक नेलं आणि झटकन मागं घेतलं.

"हे भिंतीत होतं?"

"खांबात. याच्यावर बाल्कनी उभी आहे."

"वर माझ्या जावा बसणार होत्या. आणि पोरं." तिनं काउंटर फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला. "दुसरं कार्यालय आता मिळणार नाही. काकांशी भांडले तर पाहुण्यांत बोभाटा होईल. पण वर कुणी जाणार नाही, ते माझ्याकडं लागलं."

तिनं शब्द पाळला. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं रुखवताचं टेबल नेमकं बाल्कनीच्या जिन्याच्या तोंडाशी लावलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यावर साखरेचं तुळशीवृंदावन, करंज्यांची परात, क्रोशाचे रुमाल, भांड्यांची उतरंड. सुरज दोनदा येऊन म्हणाला, टेबल जरा सरकवा, वर खुर्च्या मांडल्यात. ती म्हणाली, रुखवत एकदा मांडलं की हलवत नाहीत, आमच्यात अशुभ मानतात. असा काही रिवाज नाही. पण लग्नघरात बाईनं अशुभ म्हटलं की पुढं कोण बोलणार? रुखवतापाशी तिनं आपल्या थोरल्या जावेला खुर्ची टाकून बसवलं, ती मुहूर्तापासून पंगत उठेपर्यंत हलली नाही.

लग्न नीट पार पडलं. उत्तरा अक्षता टाकून निघाली, तर दारात काका भेटले. त्यांनी वर बोट दाखवलं.

"पाहिलंस? काही झालं का?"

"वर कुणी नव्हतं, काका."

"तुझा स्वभाव बदलला गं," काका म्हणाले. आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं.

पुढच्या सोमवारी तिनं राजीनामा दिला. छापलेल्या सहीबद्दल तिनं श्रीवत्सांना लेखी विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही. महापालिकेला अर्ज दिला, त्याची पोच आली, बाकी काही नाही. मग तिनं घरी बसून, आठवतील तेवढी जुनी कामं काढली आणि अकरा ठिकाणी पत्रं पाठवली. मजकूर एकच होता: 'तुमच्या इमारतीत मला दाखवलेले बोल्टच मी ओढले होते. बाकीच्यांबद्दल मी काहीही सांगू शकत नाही. कृपया पुन्हा तपासून घ्या.' गुरुप्रसादनं पत्रं वाचली, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि पाकिटं चिकटवायला बसला.

आठ ठिकाणांहून काहीच आलं नाही. एका दवाखान्याच्या मालकानं फोन करून बदनामीची केस घालीन म्हणून दम दिला. एका शाळेनं उत्तर पाठवलं की तो जिना आम्ही काढूनच टाकला आहे. एका कॉलेजच्या प्राचार्या मात्र स्वतः बोलल्या. "या आणि हवे ते ओढा." तिथं व्हरांड्याच्या छताचे वीस बोल्ट ओढले, चार निघाले. प्राचार्यांनी व्हरांडा दोरी लावून बंद केला आणि महिनाभरात सगळे बोल्ट नव्यानं बसवून घेतले. प्रत्येक भोक बुजवण्याआधी उत्तरा आत टॉर्च मारून बघायची. अठरा वर्षांत तिनं रिकामं, स्वच्छ भोक इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं.

आता ती स्वतंत्र काम करते. काम बेताचंच मिळतं. बोलावणारे थोडे, कारण ती कुठला बोल्ट ओढेल ते आधी सांगत नाही. तिच्या जागी श्रीवत्सांनी दुसरी मुलगी घेतली आहे, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. एकदा चिगरी बसमध्ये भेटली, मांडीवर तीच जॅकची पेटी. उत्तरानं तिला थोडक्यात सगळं सांगितलं. मुलगी नम्रपणे हं हं म्हणाली आणि मग खिडकीबाहेर बघत बसली.

मंगल कार्यालयात यंदा बाल्कनीखाली दोन खांब आले आहेत. वरून संगमरवरी रंग, मधोमध गुलाबांची नक्षी. शोभेसाठी, असं ट्रस्टच्या पत्रकात आहे, आणि पहिल्या खांबावर देणगीदार म्हणून सुरजच्या नावाची पितळी पाटी. म्हणजे त्यांना सगळं पटलं होतं. फक्त तोंडानं म्हणायचं नव्हतं.

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला उत्तराला तिथं जावं लागलं. काकांनी पुढं होऊन स्वागत केलं, खांब दाखवले, कसे वाटतात विचारलं. ती बरे आहेत म्हणाली, कारण ते बरेच होते, वजन धरतील असे. आहेराचं पाकीट वधूच्या हातात देऊन ती पंगत बसायच्या आधीच बाहेर पडली. गुरुप्रसाद मागून आला.

"जेवून तरी जायचं की."

"तिथं घास उतरत नाही माझ्या घशाखाली," ती म्हणाली. मग दोघं कोपऱ्यावरच्या खानावळीत गेले आणि भाकरी आणि भरल्या वांग्याची एणगाई मागवून पोटभर जेवले.